एलईडीनं डोळे जातात का, असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

"ओ, ते एलईडीनं डोळं जात्यात म्हणं, खरं काय?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. मी इचलकरंजीत इलेक्ट्रिकची कामं घेतो, घरं, दुकानं, बंगल्यांची फॉल सीलिंगची कामं आणि यंत्रमागाचे शेड. व्हॉट्सॅपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरत येतो, की एलईडीनं रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) जळतो, कॅन्सर होतो, परदेशात बंदी घातली आणि आपल्याकडे मात्र घरोघरी वाटले. बंदी वगैरे कुठेही नाही, हे आधी सांगतो. पण एलईडीत धोका अजिबात नाही असंही मी म्हणणार नाही, कारण धोका आहे आणि तो मी रोज बघतो, फक्त लोक ज्याला घाबरतात तिथे तो नाहीये, तो बल्बच्या मागच्या बाजूला आहे, ड्रायव्हरमध्ये (मेनची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं सर्किट), होल्डरमध्ये, वायरिंगमध्ये, आणि त्याच्याबद्दल मला कोणीच विचारत नाही. हे मला खरंच टोचतं.

आधी डोळ्यांचं बघू. पांढऱ्या एलईडीच्या आत असते निळी चिप, तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे थोडा निळा उजेड पिवळा करून देणाऱ्या पावडरीचा लेप असतो, निळा आणि पिवळा मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. ही निळी चिप जमायला कित्येक वर्षं गेली, आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल त्यासाठीच मिळालं. तर निळा प्रकाश त्यात आहे हे खरं, आणि खूप तीव्र निळ्या प्रकाशानं रेटिनाला इजा होऊ शकते हेही खरं. पण किती तीव्र? मे महिन्यात दुपारी रस्त्यावर उभं राहिलात तर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो, आणि घरात ९ वॅटच्या बल्बखाली शे-दोनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यात दिवसभरात जेवढा निळा प्रकाश जातो त्याच्यापुढे हॉलमधला बल्ब काहीच नाही. युरोपियन कमिशनच्या शास्त्रीय समितीनं २०१८ साली सगळा अभ्यास तपासून हेच सांगितलं, की निरोगी माणसाला नेहमीच्या वापरात एलईडीनं थेट अपाय होतो असा पुरावा नाही. फ्रान्सची अन्सेस नावाची सरकारी संस्था जरा जास्त सावध आहे, त्यांनी २०१९ मध्ये लहान मुलांबद्दल इशारा दिला, आणि तो मला पटतो, कारण लहान मुलांच्या डोळ्यातली लेन्स अगदी स्वच्छ असते आणि निळा प्रकाश मोठ्या माणसापेक्षा जास्त आत जातो. म्हणून तान्ह्या बाळाला जिथे उताणं झोपवता तिथे बरोब्बर वर सीलिंगचा उघडा स्पॉट नको. बाळ टक लावून बघतं, त्याला नजर हटवायचं कळत नाही. त्या खोलीत भिंतीवर पडून येणारा उजेड ठेवा, एवढंच.

आणि हो, ब्लू कट चष्मा. चष्म्याच्या दुकानात हजार-दीड हजार जास्त घेऊन देतात. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं १७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, कॉम्प्युटरवर काम करून डोळे थकतात ते या काचांनी कमी होतं असं काही त्यात दिसलं नाही. ते पैसे चांगल्या बल्बवर घाला असं मी सांगतो.

डोळे खरंच जाऊ शकतात ते लेझरनं, आणि लोक लेझर आणि एलईडी एकाच पिशवीत घालतात. मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर जे बारीक हिरवे किरण फिरतात ते लेझर. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर रेटिना भाजलेली तरुण पोरं नेत्रतज्ज्ञांकडे आली, बातम्या आल्या, पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली. लेझरचा किरण पसरत नाही, सगळी ताकद एका ठिपक्यात रेटिनावर उतरते, आणि तिथलं जळलं की परत येत नाही. एलईडीच्या बल्बचा उजेड सगळीकडे फाकतो. दोन्हींची तुलनाच होत नाही. पोरांना मिरवणुकीत पाठवताना हे सांगा.

आता कॅन्सरचं. ही अफवा कुठून आली असावी याचा मला एक अंदाज आहे. ल्यॉनला आयएआरसी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, त्यांनी २००७ ला आणि परत २०१९ ला रात्रपाळीचं काम 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं. रात्रपाळीचं काम, बल्ब नाही. रात्री जागणं, उजेडात बसणं, वर्षानुवर्षं झोपेचं चक्र मोडणं, जेवणाच्या वेळा उलट्यापालट्या होणं, हे सगळं मिळून. आणि हे आमच्या गावाला फार जवळचं आहे, इथे निम्मं गाव रात्री मागावर उभं असतं. कामगाराला बारा बारा तास रात्री उभं करायचं आणि दोष द्यायचा बल्बला, हे बरोबर नाही. मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा पाळी बदलताना माणसाला झोपायला पुरेसा वेळ मिळतो का ते बघितलं पाहिजे, शेडच्या मालकांनी तर नक्कीच.

पण झोपेवर प्रकाशाचा परिणाम होतो हे मात्र खरं आहे, त्यात वाद नाही. डोळ्यात बघण्याच्या पेशींशिवाय अजून एका प्रकारच्या पेशी असतात, २००२ च्या सुमारास त्या नीट कळल्या, त्या चित्र बघत नाहीत, बाहेर दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला सांगतात. आणि त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात निळ्या प्रकाशाने. त्या जाग्या झाल्या की मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, दबतं आणि झोप पुढे ढकलली जाते. म्हणून रात्री ९-१० नंतर ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर पांढरा) पांढराफेक उजेड डोक्यावर घेऊन बसलं तर झोप लांबणारच. पण फक्त रंग बदलून भागत नाही हेही लक्षात घ्या, पिवळा लावला म्हणून चार-चार बल्ब पेटवून बसलं तर तेवढंच होतं. उजेड कमी आणि पिवळसर, दोन्ही पाहिजे.

आपल्याकडे अडचण काय आहे तर पांढरा उजेड म्हणजे चांगला उजेड हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. जानेवारी २०१५ ला स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना सुरू झाली, ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले, वीज प्रचंड वाचली, मला त्या योजनेबद्दल आदरच आहे. पण तेव्हापासून घराघरात तो कूल डे लाइटच गेला आणि आता खेड्यातल्या दुकानात वॉर्म व्हाइट मागितलं तर दुकानदार म्हणतो, 'ते कशाला, हॉटेलसारखं दिसतंय'. गिऱ्हाईक पण म्हणतं पिवळ्यात उजेड पडत नाही. पडतो हो. त्याच वॅटला लुमेन, म्हणजे बल्बचा एकूण उजेड, जवळपास सारखेच असतात, थोडासा फरक. मी आता सरळ असं करतो, किचन, पोरांचं अभ्यासाचं टेबल, बाथरूम इथे पांढरा, आणि बेडरूममध्ये ३००० केल्विन किंवा त्याच्या खालचा. म्हातारी माणसं रात्री उठतात त्यांच्यासाठी पायाच्या उंचीवर एक छोटा केशरी दिवा. ती निळी झिरोची बल्बं जी घरोघरी लागलेली असतात त्यांचा उजेड इतका मंद असतो की फार काही बिघडत नाही, पण नवीन घ्यायचीच असेल तर लाल किंवा केशरी घ्या.

रस्त्यावरच्या दिव्यांचं पण हेच. २०१५ ला मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, नंतर परत पिवळसर लागले. ती चर्चा जास्त करून राणीचा हार, म्हणजे तिथली दिव्यांची रांग, कसा दिसतो याची होती. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाच्या बेडरूममध्ये रात्रभर काय शिरतं हा पण प्रश्न होता, अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१६ मध्ये रस्त्यासाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमीच वापरा असं सांगितलं ते त्यासाठीच. तुमच्या गल्लीतल्या खांबावरचा दिवा तुमच्या खिडकीत येत असेल तर नगरसेवकाला सांगून त्याला शेड लावून घ्या, तोंड खाली करून घ्या. होतं ते काम, मागे लागलं की होतं.

आता जे मला खरं सांगायचंय तिकडे येतो.

पहिलं, लुकलुकणं. आपल्याकडे सप्लाय ५० हर्ट्झचा, म्हणजे साधा, स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. जुना फिलामेंटचा बल्ब पण व्हायचा, पण तार तापलेली असायची, ती एवढ्या लवकर थंड होत नाही म्हणून उजेड फारसा हलायचा नाही. एलईडी तसा नाही, करंट गेला की क्षणात विझतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) असतो तो मधली खाच भरून काढतो. स्वस्त मालात तो कपॅसिटर छोटा टाकतात नाहीतर टाकतच नाहीत. आता डीओबी म्हणून बल्ब येतात, ड्रायव्हर वेगळा नाही, चिपच्या पाटीवरच एक आयसी बसवलेली, त्यातले पुष्कळसे असे पूर्ण विझत-पेटत असतात. डोळ्याला दिसत नाही पण मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून बल्बकडे धरा, उजेड धडधडताना दिसला की समजा. किंवा नुसता पेन त्या उजेडात जोरात हलवा, सलग पट्टा दिसण्याऐवजी पेनाचे तुकडे तुकडे दिसतील. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना अशा उजेडात तासनतास बसून डोकं दुखू शकतं, डोळे थकतात. आणि एखादा बल्ब बिघडत आला की डोळ्याला दिसेल असा, सेकंदाला चार-पाच वेळा टकटक करायला लागतो, घरात कोणाला फिट येत असेल तर तो बल्ब त्याच क्षणी काढा, उद्यावर टाकू नका.

पण लुकलुकण्याचा सगळ्यात मोठा धोका घरात नाही, तो कारखान्यात आहे, आणि यावर मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगतोय. १४४० आरपीएमची मोटर सेकंदाला २४ फेरे मारते, तिच्यावर चार आऱ्यांची पुली असेल तर सेकंदाला ९६ वेळा एकेक आरा त्याच जागी येतो, दिवा लुकलुकतोय १०० वेळा, आता तुम्ही बघाल तर ती पुली आरामात, सावकाश, उलट्या बाजूला फिरताना दिसते. लेथवर तीन जॉचा चक (जॉब पकडणारा फिरता भाग) २००० आरपीएमला लावा, सेकंदाला तेहतीस फेरे आणि एक तृतीयांश, एका फेऱ्यात दिवा बरोब्बर तीनदा पेटतो, चक थांबल्यासारखाच दिसतो. शेडमध्ये आवाज इतका असतो की कुठलं मशीन चालू आहे ते कानाला कळत नाही. हात गेला की गेला. जुन्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून ते शेडमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, एक विझत असताना दुसरी पेटलेली असते, आणि लेथवर हमखास एक पिवळा फिलामेंटचा बल्ब लोंबकळत ठेवायचे. आता वीज वाचवायची म्हणून तो पिवळा बल्ब काढतात आणि तिथे दुकानातला सगळ्यात स्वस्त एलईडी लावतात, आणि लायटिंगची अख्खी लाइन एका फेजवर ओढतात. पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी. मशीनवर फ्लिकर फ्री ड्रायव्हरचा दिवा लावा, कॅमेऱ्यानं तपासून घ्या, आणि तरी शेडच्या लाइन तीन फेजवर वाटून टाका. नवीन शेडच्या कामात हे आधी सांगितलं तर काहीही जास्त खर्च नाही.

दुसरं, शॉक. लोकांना वाटतं एलईडी म्हणजे १२ व्होल्ट, काय होणार. बाहेरून दिसतो तसा तो १२ व्होल्टचा नसतो, होल्डरमधल्या बल्बच्या आत २३० व्होल्ट सरळ आलेले असतात, आणि स्वस्त बल्बमध्ये आतली पाटी मेनपासून वेगळी केलेलीच नसते. एक सिरीज कपॅसिटर, चार डायोड आणि चिप, झाला बल्ब. म्हणजे चिपच्या सोल्डरला हात लागला तर मेनला हात लागल्यासारखंच. वर झाकण असतं ते प्लास्टिकचा पांढरा घुमट, डिफ्यूझर, तो नुसता दाबून बसवलेला नाहीतर दोन थेंब सिलिकॉनवर चिकटवलेला. आणि आपण बल्ब काढताना कुठे धरतो? घुमटालाच. पिनवाला होल्डर घट्ट असतो, आपण दाबून फिरवतो, घुमट हातात येतो आणि बोटं पाटीवर. स्टुलावर उभं असताना. शॉक छोटा असेल, पण माणूस दचकून खाली पडतो आणि कंबर, मनगट, डोकं, काहीही मोडतं. त्यामुळे बल्ब धरायचा तो खालच्या बॉडीला, आणि मेन स्विच बंद करूनच. काढून झाल्यावर सुद्धा त्याच्या पिनांना लगेच बोट लावू नका, आतला कपॅसिटर भरलेला असतो, तो डिस्चार्ज व्हायला रेझिस्टर लागतो आणि तेवढा सुद्धा काही बल्बांमध्ये घातलेला नसतो.

मेन स्विच का म्हणतो, नुसतं बटण बंद करून का चालत नाही, ते नीट सांगतो, कारण ही गोष्ट या पोस्टमधली सगळ्यात कामाची आहे. बऱ्याच घरात बटण बंद केलं तरी एलईडी अगदी मंद पेटत राहतो, रात्री अंधारात दिसतो. लोक म्हणतात बल्ब खराब आहे, बदलून आणतात, नवा पण तसाच. याची कारणं दोन-तीन आहेत. बटणात इंडिकेटर असेल तर त्यातून थोडा करंट जातो. लांब वायर दुसऱ्या चालू वायरीला चिकटून गेली असेल तर तिच्यात थोडं व्होल्टेज येतं. या दोन्हीत घाबरायचं काही नाही. पण तिसरं कारण वाईट आहे, वायरमननं बटण फेजवर (करंट येणारी वायर) न टाकता न्यूट्रलवर (परतीची वायर) टाकलंय. म्हणजे बटण बंद केलं तरी फेज सरळ होल्डरपर्यंत आलेला आहे, फक्त परतीची वाट बंद केलीय. तुम्ही बटण बंद करून निर्धास्त होऊन होल्डरला हात लावता आणि तिथे २३० व्होल्ट. जुन्या बल्बच्या काळात हे कधी कळायचंच नाही कारण एवढ्याशा करंटवर फिलामेंट पेटायचाच नाही, वीस-तीस वर्षं चुकीचं वायरिंग तसंच चालत राहिलं. एलईडीनं ते उघडं पाडलं. म्हणून बटण बंद असताना बल्ब मंद पेटत असेल तर बल्ब बदलत बसू नका, चांगल्या वायरमनला बोलवा आणि बटण न्यूट्रलवर आहे का हे तपासून घ्या. आणि बोर्डात ३० मिलीअँपियरची आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात, करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारी, ती बसवून घ्या. घरात अर्थिंग नीट नसेल तर आधी ते.

ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब लावणाऱ्यांसाठी पण एक सांगायचं आहे. जुनी फिटिंग ठेवून चोक काढून सरळ वायर जोडतात, एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. अशी ट्यूब एका बाजूनं बसवली आणि दुसऱ्या बाजूच्या पिना हातात असतील तर ट्यूबच्या आतून फेज त्या पिनांपर्यंत येऊ शकतो. ट्यूब चालू लाइनवर बसवायची नाही. आणि चोक न काढता तशीच लावू नका, ट्यूबच्या खोक्यावर कनेक्शनचं चित्र असतं, ते बघूनच जोडा.

गरम होणं. एलईडी थंड असतो हा एक मोठा गैरसमज. उजेडातून उष्णता येत नाही म्हणून समोर हात धरला तर गार लागतं, पण दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज अजूनही उष्णताच होते आणि ती मागच्या बाजूने, बॉडीतून बाहेर पडते. पीओपीच्या सीलिंगमध्ये डाउनलाइट बसवले की ती उष्णता वर त्या बंद पोकळीत साठते, तिथे ड्रायव्हर पडलेला, टेपनं गुंडाळलेले जॉइंट, कधी लाकडाचे तुकडे, वर्षानुवर्षांची धूळ. नुसत्या बल्बने आग लागत नाही सहसा, पण सैल जॉइंट तापून लागते. सीलिंग बंद करायच्या आधी सुताराला आणि वायरमनला एकत्र उभं करून जॉइंट कनेक्टरवर घ्यायला लावा, आणि ड्रायव्हरला हात पोचेल अशी जागा ठेवा. बंद काचेच्या गोळ्यात साधा बल्ब टाकू नका, तो आत शिजतो.

पट्टी लाइट, म्हणजे स्ट्रिप. साधी १२ व्होल्टची जाड चिपवाली, मीटरला ६० एलईडीची पट्टी मीटरला साधारण १४ वॅट खाते, पाच मीटर म्हणजे ७० वॅटच्या वर, १२ व्होल्टला सहा अँपियर झाले. त्याला घरातला कुठलातरी दोन अँपियरचा अॅडॉप्टर लावतात आणि मग तो वितळला की म्हणतात माल खराब. आणि दुसरी, सिलिकॉनच्या नळीतली २३० व्होल्टची पट्टी, ती जास्त धोक्याची. गणपतीच्या मखराला लोक ती हवी तेवढी कात्रीनं कापतात आणि कापलेलं टोक तसंच उघडं ठेवतात, तिथे मेन व्होल्टेज असतं. खाली दुर्वा, पाणी, पंचामृत, ओले हात, आरतीला पुढे सरकणारी पोरं, वर कापड, कागदाची फुलं, कापूस. टोकाला बंद करायची टोपी मिळते, दहा-वीस रुपयांना, ती घालून वरून सिलिकॉन लावा. उरलेली पट्टी गुंडाळी करून मखरामागे चालू ठेवू नका, गुंडाळीत उष्णता बाहेर पडत नाही. आणि रात्री झोपताना सजावट बंद करा. समईसाठी कोणीतरी लक्ष ठेवतंच, माळेसाठी कोणी ठेवत नाही.

दिवाळीचं मला सगळ्यात जास्त वाटतं. प्लास्टिकच्या एलईडी पणत्या, त्यात बटणासारखा चपटा सेल असतो. खालचं झाकण नुसतं नखानं उघडतं, स्क्रू नसतो. लहान पोर ते काढतं आणि तोंडात घालतं. मोठा सेल, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून करंट वाहायला लागतो आणि तिथला भाग आतून भाजतो, दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल संपलेला असला, पणती पेटत नसली तरी त्यात एवढी ताकद उरलेली असते. लक्षणं काय तर लाळ गळणं, खोकला, जेवायला नको म्हणणं, म्हणजे सर्दीच वाटते. सेल सापडत नाही आणि पोरावर शंका आहे एवढं जरी झालं तरी ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, उद्या बघू म्हणू नका, सरळ एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य 'सेल गिळलाय' हेच सांगा. नाहीतर ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे तिथे त्या पणत्या आणूच नका. मातीची पणती उंचावर ठेवली की झालं.

इन्व्हर्टर बल्बबद्दल पण लोक विचारतात, ज्याच्या आत बॅटरी असते. लोडशेडिंगला उपयोगाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यातली लिथियमची बॅटरी त्याच गरम बॉडीत बसलेली असते, चोवीस तास चालू ठेवला तर तिचं आयुष्य कमी होतं. फुगलेला, वितळल्याचा वास येणारा असेल तर काढून बाहेर ठेवा, कचऱ्यात टाकून जाळू नका.

गाडीच्या हेडलाइटचं थोडक्यात. कंपनीनं दिलेला एलईडी हेडलाइट वेगळा, त्याचा रिफ्लेक्टर त्यासाठीच बनवलेला असतो. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये दुकानातून आणून एलईडी घुसवला की उजेडाचा उगम जिथे असायला पाहिजे तिथे राहत नाही, डिपरला सुद्धा सगळा उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यात. आमच्याकडे ऊस सुरू झाला की रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली उभी असते, मागे रिफ्लेक्टर नाही, समोरून असा पांढरा झोत आला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात टू व्हीलरवाला ट्रॉलीत जातो. वय झालेल्या, मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला तर अजून जास्त वेळ लागतो नजर परत यायला. कृपा करून तो काढा आणि मूळ बल्ब लावा.

आता घ्यायचा कसा. होल्डरमध्ये लावायच्या एलईडी बल्बला आपल्याकडे बीआयएसची (मालाचे दर्जे ठरवणारी सरकारी संस्था) नोंदणी सक्तीची आहे, बल्बवर किंवा खोक्यावर आयएस १६१०२ आणि आर पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं फुकट अॅप आहे त्यात तो नंबर टाका, कंपनीचं नाव येतं, ते खोक्यावरच्या नावाशी जुळतंय का बघा. २०१७ साली नील्सन या बाजाराची पाहणी करणाऱ्या कंपनीनं मुंबई, दिल्ली, हैदराबाद आणि अहमदाबादमधली २०० दुकानं तपासली होती, त्यात ७६ टक्के एलईडी बल्बचे ब्रँड ग्राहक सुरक्षेच्या नियमात बसले नव्हते. त्यानंतर बाजार सुधारला, पण आठवडी बाजारात, गाडीवर, तीस-चाळीस रुपयांना दोन वर्षांची तोंडी गॅरंटी देऊन विकतात त्या मालावर आजही कोणाचंच नाव नसतं. नाव नाही म्हणजे उद्या काही झालं तर विचारायला पण कोणी नाही. बिल घ्या. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घरात असेल तर एएमला लावून बल्बजवळ न्या, फार खरखर आली तर आत फिल्टरचा खर्च वाचवलेला आहे, मग बाकी काय काय वाचवलं असेल त्याचा अंदाज येतो. बेडरूमसाठी दुकानदाराकडे वॉर्म व्हाइट मागा, नाही म्हणाला तर मागवून द्या म्हणा, चार गिऱ्हाइकांनी मागितलं की तो ठेवायला लागतो.

कोणाच्या घरी बटण बंद केल्यावर बल्ब पेटत राहत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, बटण साधं आहे की इंडिकेटरचं आणि वायरिंग किती जुनं आहे ते पण लिहा, मी बघून सांगतो.